मायक्रॉनच्या पात्याची रेघ

"रेघ माझ्याच पात्याची आहे गं, नाही कुठं म्हणतोय मी? ही जाड, ही बारीक. पात्याला दोन खोचा पडल्यात, उजव्या टोकापासनं चार बोटांवर. त्या जागेवर काहीही काप, या दोन रेघा उठणारच. उंदराचं लिव्हर काप नाहीतर साबणाची वडी काप."

"मग झालं तर! तेवढंच लिहून द्या काका. उंदीर दोन, पातं एक, म्हणून रेघा सारख्या. खाली सही."

"देतो की. सही करायला काय, हात थोडाच झिजतोय? पण थांब जरा. तो दुसरा फोटो इकडं धर. असा नको, उलटा धर."

"उलटा कशाला?"

"धर म्हणतो ना."

पोरीने कागद उलटा धरला. मायक्रॉनने चष्मा कपाळावर सारला, खिशातलं भिंग उजव्या डोळ्याला लावलं आणि असा वाकला की नाक कागदाला टेकायचंच काय ते बाकी राहिलं. रेघांच्या बाजूला, फोटोच्या अगदी कडेला, एक चुणी होती. कापाची कड दुमडून पडलेली, कोंबडीच्या पायासारखी तीन फाट्यांची. पहिल्या फोटोतही तशीच चुणी होती. तिथे ती वर होती, इथे खाली. फोटो उलटा केल्यावर दोन्ही एका जागी आल्या.

"पोरी," तो हळूच म्हणाला, "रेघ पात्याची असते, ती दहा कापांवर सारखी येईल. चुणी पाण्यावर पडते. एकदा पडली तशी परत पाडून दाखवा म्हटलं तर माझा बापही पाडणार नाही. हे दोन उंदीर नाहीत. हा एकच काप आहे, फिरवून लावलेला."

ती इतका वेळ उभी होती, ती स्टुलावर बसली. मग म्हणाली, "आठ ते बारा नंबरचे ब्लॉक मी कुठून आणायचे होते काका? ते कुठं गेले तुम्हाला माहीत नाही का?"

मायक्रॉनच्या तोंडचं पाणी पळालं.

मायक्रॉन हे काही त्याचं बारशातलं नाव नव्हे. मिलिमीटरचे हजार भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. हा बाबा एकतीस वर्षं पाच मायक्रॉनचे काप काढतोय. डोक्यावरचा एक केस घेऊन त्याचे उभे पंधरा पापुद्रे केले तर जेवढा पातळ पापुद्रा निघेल, साधारण तेवढा. संशोधन संस्थेत झाडूवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्याला मायक्रॉनच म्हणतात. बायको म्हणते, "तिथं केसाचे पंधरा भाग करता, आणि घरी एका टोमॅटोचे चार सारखे होत नाहीत तुमच्याच्यानं."

त्याचं काम असं. वरच्या मजल्यावरचे लोक उंदरांवर औषधं करून बघतात. उंदीर मेला की त्याच्या लिव्हरचा नाहीतर किडनीचा बोराएवढा तुकडा बाटलीत घालून खाली तळमजल्यावर याच्याकडे पाठवतात. हा त्या तुकड्यातलं पाणी स्पिरिटने काढतो आणि पाण्याच्या जागी गरम मेण मुरवतो. मेण मुरलं की तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतो. त्याला ब्लॉक म्हणायचं. ब्लॉक बर्फावर गार करायचा, यंत्राला लावायचा आणि चाक फिरवायचं. दर फेऱ्याला एक काप सुटतो, एकाला एक चिकटून फीत होते. ती फीत ओल्या ब्रशने उचलून कोमट पाण्यावर सोडायची, पसरली की खालून काच घालून अलगद उचलायची. उचलताना खोकला आला की संपलं. मग काचेला रंग. त्यानंतर वरची मंडळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणार, मान डोलावणार, आणि लेख लिहिणार. लेखाच्या शेवटी आभाराच्या यादीत कधी याचं नाव असतं, बहुतेक वेळा नसतं.

त्याचा बाप न्हावी होता. दुकान म्हणजे एक खुर्ची, एक आरसा आणि आरशाला तडा. शाळेतून आल्यावर याच्याकडे एकच काम, चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरे घासायचे. घासून झालं की बाप स्वतःच्या मनगटावरचे केस काढून बघायचा. एक जरी केस राहिला तरी टाळक्यात टपली. शाळा दहावीत सुटली आणि हा संस्थेत दहा-अकरा वर्षं बाटल्या धूत राहिला. तिथला त्या वेळचा कापणारा मेणापेक्षा दारूत जास्त मुरलेला. एकदा त्याचं बोथट पातं यानं न विचारता घरी नेलं आणि सकाळी धार लावून आणून ठेवलं. त्या दिवसापासून या खोलीत त्या खुर्चीवर हाच बसतो. आता सगळीकडे वापरून फेकायची पाती आलीत. संस्थेनेही खोके आणून दिले. ते कपाटात पडून आहेत. हा अजून हातभर लांबीचं जुनं पोलादी पातं वापरतो आणि स्वतः धार लावतो. साहेब हसतात. हा म्हणतो, "फेकायच्या पात्याला स्वभाव नसतो."

त्या स्वभावाच्या पात्यावर कुणीतरी न सांगता हाडाचा कण असलेला ब्लॉक दिला आणि दोन खोचा पडल्या. पातं सहाणेवर घेईपर्यंत ती जागा सोडून कापायचं असं त्याने ठरवलं होतं. पण पोरीचे काप त्याने नेमके त्याच जागेवर काढले. कारण खोच त्याला दिसलीच नाही. डाव्या डोळ्यात तेव्हा नुकतं धुकं यायला लागलं होतं, आणि त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं.

आता त्या शुक्रवारचं. पाच महिन्यांपूर्वीची गोष्ट.

पोरगी साहेबांच्या हाताखाली पीएचडी करत होती. लिव्हर वाचवणारं एक औषध. बारा उंदरांना औषध दिलेलं, बारांना नाही, आणि मग दोघांच्या लिव्हरची तुलना. औषधवाल्या बारांचे तुकडे मायक्रॉनने मेण मुरायला ओव्हनमध्ये ठेवले. एका जाळीत सात, दुसरीत पाच. चार वाजता काढायचे. चारला त्याने ओव्हन उघडला, पुढची जाळी काढली, दार लावलं, हात धुतले आणि घरी गेला. मागची जाळी डावीकडच्या कोपऱ्यात होती. ती शुक्रवारी तिथेच राहिली, शनिवारी राहिली, रविवारी राहिली. सोमवारी सकाळी ओव्हन उघडला तेव्हा ते पाच तुकडे शिजून शिजून खडा झाले होते. तरी त्याने ब्लॉक केले, बर्फ लावला, पातं पट्ट्यावर घासलं. चाक फिरवलं की फीत निघायच्या जागी भुसा पडायचा.

एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. तो दुपारपर्यंत खोलीचं दार लावून बसला. मग पोरीला बोलावून सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता डोळ्याचंही सांगून बसला.

"साहेबांना बोलू नकोस," तो म्हणाला होता. "डोळ्याचं कळलं तर उद्या मला घरी बसवतील. निवृत्तीचं वय होत आलंय, दोन वर्षं वाढवून देणार आहेत. घरी बसून मी काय करू? बायकोच्या शिवणाचे टाके मोजू?"

आणि ती म्हणाली होती, "जाऊ दे काका. मी बघते काय ते."

तिला याचा लळा होता. पहिल्या वर्षी तिचे रंग बिघडायचे तेव्हा याने डबा बाजूला ठेवून तिच्या काचा पुन्हा रंगवून दिल्या होत्या. ती "मी बघते" म्हणाली आणि याने रोजच्या कामाच्या वहीत आठ ते बारा नंबरांसमोर लिहिलं, 'काप झाले'. त्याला वाटलं, पोरगी सात उंदरांवर लेख लिहील. पुढे काय झालं ते त्याने विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती, हेच खरं.

"सातांवर गणित उभं राहत नव्हतं," आज स्टुलावर बसून ती सांगत होती. "पाच कमी का, असं साहेबांनी विचारलं असतं. मग मी काय सांगणार होते? वहीत तर तुम्ही काप झाले लिहिलेलं. म्हणून त्या सातांचेच फोटो फिरवले, कापले आणि पाचांच्या जागी लावले. आकडेही तसेच लावले. सातांना गुण आला तर पाचांनाही आलाच असता ना?"

"आलाच असता?"

"का नसता आला?"

मायक्रॉनने कपाळावरचा चष्मा परत नाकावर घेतला, जणू त्याने काही दिसणार होतं.

तो लेख तिने एका मासिकाला पाठवला होता. तो छापून आल्याशिवाय पदवी नाही. असली मासिकं लेख आला की लगेच छापत नाहीत. त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतात. ते लेख वाचतात, चुका काढतात, प्रश्न विचारतात, आणि त्यांची उत्तरं पटली तरच लेख छापतात. लेखकाला त्यांचं नाव कळत नाही. रिव्ह्यूअर म्हणतात त्यांना. हिच्या लेखाला दोन होते. पहिल्याने अडीच ओळींत आटोपलं होतं, काम उत्तम आहे, छापायला हरकत नाही. दुसऱ्याने चार पानं भरली होती.

"एकेचाळीस प्रश्न काढलेत मेल्यानं," पोरगी म्हणाली. "उंदरांना पाणी कुठलं दिलं, पिंजऱ्यात किती होते. अजून थोडी जागा असती तर हगले-मुतले किती तेही विचारलं असतं."

"आणि रेघेचं?"

"तेविसावा." तिने वाचून दाखवलं. आकृती तीन आणि आकृती पाच या दोन वेगळ्या प्राण्यांच्या आहेत असं लेखक म्हणतात. दोन्हींत सारख्याच अंतरावर दोन समांतर रेघा दिसतात. त्यांचं कारण सांगावं.

मायक्रॉनने ते पुन्हा वाचायला लावलं. एवढी पंचाईत गळ्याशी आलेली असताना याच्या मनात काय यावं? कुठल्या कोण माणसाने, कुठल्या गावात बसून, आपल्या पात्याची खोच पाहिली. एकतीस वर्षं वरच्या मजल्यावर काचा जात होत्या. 'काप छान आलेत' असं दोघं-चौघं म्हणाले असतील. पण काप असा कुणी बघितला नव्हता.

"किती मिळतात गं त्याला याचे?"

"काही नाही. फुकट करतात."

"फुकट? चार पानं?" तो म्हणाला. "हा माणूस कधीतरी स्वतः चाकावर बसलेला आहे. लिहून ठेव."

"काका, त्याचं कौतुक नंतर करा. दहा दिवसांत उत्तर द्यायचंय. त्याला फक्त रेघा दिसल्यात. चुणी कडेला आहे, तिच्याकडे त्याचं लक्ष गेलेलं नाही. तुम्ही पात्याचं लिहून दिलंत की तो गप्प बसेल. आणि ते खोटं नाहीच ना?"

तसं ते खोटं नव्हतं, यातच सगळी मेख होती. पात्याला खोच होती. खोचेची रेघ येते. जगातल्या कुठल्याही कापणाऱ्याला विचारा, तो हेच सांगेल. दोन ओळी, खाली सही, आणि पोरीची चार वर्षं तरली. याचंही झाकलेलं झाकलेलं राहिलं.

दुपारी साहेब स्वतः खाली आले. तळमजल्यावर ते वर्षातून दोनदा येतात, त्यातलं एकदा पाहुण्यांना यंत्रं दाखवायला.

"काय हो मायक्रॉन, ती पात्याची भानगड आहे म्हणे. द्या की दोन ओळी लिहून. त्या माणसाला काप कशाशी खातात ते कळत नाही आणि निघालाय शंका काढायला."

"देतो साहेब."

"उद्यापर्यंत द्या. आणि हां, तुमच्या मुदतवाढीचा कागद माझ्याकडे आलाय. या आठवड्यात पुढे पाठवतो. तुम्ही गेलात तर आमचं कसं व्हायचं?"

साहेबांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. त्यांना चुणीचं माहीत नव्हतं, जाळीचं माहीत नव्हतं. जाता जाता एक चांगली बातमी द्यावी म्हणून ते बोलले. पण मायक्रॉनला वाटलं, एका हातात कागद आणि दुसऱ्या हातात सही अशी कुणीतरी आपली अदलाबदल लावून ठेवलीय.

संध्याकाळी घरी बायको खिडकीपाशी शिवणयंत्रावर बसली होती. ती लोकांचे कपडे उसवून सैल-घट्ट करून देते. हा आला, बूट काढले आणि शर्टाच्या ढिगावरच बसला.

"उठा! गिऱ्हाइकाचे आहेत ते. काय झालंय? चेहरा का असा उतरलाय?"

त्याने सांगितलं. डोळ्यापासून सुरुवात केली.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"सहा-सात महिने."

"सात महिने! म्हणजे परवा माझ्या चहात मीठ घातलंत ते चुकून? आणि मी म्हणते, म्हातारपणी थट्टा सुचायला लागली या माणसाला."

"तुला आत्ता थट्टा सुचतेय."

"मग काय रडू? पुढं सांगा."

त्याने पुढचं सांगितलं, जाळी, भुसा, वही, फोटो, साहेबांचा कागद. ती यंत्राचं चाक एका हाताने धरून ऐकत होती. संपल्यावर तिने एकच विचारलं.

"औषध लागू पडतं का पण?"

"सात उंदरांना पडलं."

"आणि त्या पाचांना?"

"ते कुणालाच माहीत नाही."

"म्हणजे तुम्हालाही नाही."

"मला कसं असेल? भुसा झाला म्हणतोय ना."

"आणि त्या पोरीलाही नाही. आणि लेखात लिहिलंय, बाराच्या बारांना गुण आला." तिने सुई खाली घेतली. "असलं औषध उद्या कुणी तुमच्या घशात ओतलं तर?"

मग तिने शिवण पुढे चालू केली आणि यंत्राच्या आवाजात पुढचं बोलणं बुडालं. जेवताना ती एकदाच म्हणाली, "शनिवारी डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं. नाही म्हणालात तर सगळ्या संस्थेत मीच सांगून येईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मायक्रॉनने कागद घेतला. दोन ओळी लिहिल्या. या रेघा पात्याच्या खोचेच्या आहेत, अशी खोच असलेल्या पात्याने कापलेल्या प्रत्येक कापावर त्या येतात. इथवर झालं. सही करायची तर इथेच करायची. त्याने सही केली नाही. खाली आणखी लिहीत गेला. अक्षर खराब, ओळी वर चढलेल्या. पण लिहिलं सगळं. शुक्रवारी चार वाजता मी एक जाळी विसरलो. आठ ते बारा हे नमुने माझ्या हातून गेले. वहीत काप झाले असं मी लिहिलं ते खोटं आहे. आकृती तीन आणि पाच हा एकाच उंदराचा एकच काप आहे. मग सही केली.

पोरगी आली. त्याने कागद तिच्या हातात दिला. तिने वाचला आणि ती पांढरीफटक पडली.

"हे तुम्ही साहेबांना देणार?"

"आधी तुला दिलं."

"तुमचं काय जातंय काका? तुमची एकतीस वर्षं झाली. माझी चार वर्षं पाण्यात! मला चोर म्हणतील. कुठं दारात उभं करणार नाहीत."

"माझी खुर्ची जातेय."

"खुर्ची! दोन वर्षांची खुर्ची!" ती ओरडली, मग दाराकडे बघून आवाज दाबला. "त्या सोमवारी मी गप्प बसले नसते तर? वर जाऊन साहेबांना सांगितलं असतं, मायक्रॉनकाकांना दिसत नाही, त्यांनी माझे पाच नमुने जाळले, तर? त्याच दिवशी घरी गेला असतात. मी तुम्हाला झाकलं."

"झाकलंस."

"मग?"

मायक्रॉनने ब्रशची टोकं बोटाने सारखी केली.

"मी शेण खाल्लं आणि तुला तोंड पुसायला लावलं," तो म्हणाला. "त्या दिवशी मीच वर गेलो असतो तर तू आज इथं नसतीस. सात उंदरांचा लेख केला असतास, नाहीतर पाच नवे घेतले असतेस. ते मी करायला हवं होतं. आता उशिरा करतोय. तुला शिव्या द्यायच्या तर दे."

"देतेच आहे."

"दे."

तिने दिल्या नाहीत. कागद टेबलावर आपटला आणि निघून गेली. मायक्रॉनने कागदाला हात लावला नाही. त्याच्या मनात होतं, तासभर वाट बघू आणि मग जाऊ. तासाचे दोन तास झाले, तरी हा बसूनच. एकटं जायची हिंमत होत नव्हती, आणि न जाता बसवतही नव्हतं. त्या दोन तासांत त्याने एकही काप काढला नाही.

दुपारी ती परत आली. डोळे सुजलेले, केस पाण्याने चापून बसवलेले.

"चला," ती म्हणाली. "पण तुमचा कागद नंतर. फोटोंचं आधी मी सांगणार. ते माझं आहे."

साहेबांनी आधी ऐकून घेतलं, मग आवाज चढवला. आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतलं टाइपिंग थांबलं. आपलं नाव त्या लेखावर आहे, आपल्या नावाला काळं फासलं, दोघांना आजच्या आज हाकलतो. सगळं बोलून झाल्यावर त्यांनी ते दोन फोटो पुढे ओढले. एक उलटा केला. चुणीवर बोट ठेवलं.

"हे मला दिसायला हवं होतं," ते म्हणाले. "मी काचा मागवल्याच नाहीत. फोटो बघूनच पुढे गेलो." आणि थोड्या वेळाने, "हा दुसरा रिव्ह्यूअर नसता तर हे छापून आलं असतं हो."



लेख त्यांनी स्वतःच मागे घेतला. का घेतोय ते कारणासह लिहिलं. संस्थेने तीन जणांची समिती बसवली. समितीने पोरीची पदवी एक वर्ष पुढे ढकलली, तिला लेखी ताकीद दिली आणि प्रयोग पहिल्यापासून करायला लावला. चोवीसच्या चोवीस नवे उंदीर. काचा वाचायच्या त्या दुसऱ्या संस्थेतल्या माणसाने, आणि कुठल्या उंदराला औषध होतं हे त्याला न सांगता. साहेबांना एक वर्ष नवा विद्यार्थी घेता येणार नाही. वरच्या मजल्यावर पोरगी आली की बोलणं थांबायचं. तेव्हापासून ती डबा घेऊन खाली येते आणि मायक्रॉनच्या स्टुलावर बसून खाते. पहिले काही दिवस नुसता चावण्याचा आवाज. मग एक दिवस तिने त्याच्या डब्यातलं लोणचं न विचारता उचललं, तेव्हा त्याला जरा हायसं वाटलं.

मुदतवाढीचा कागद परत आला. नामंजूर. समितीने एवढं केलं की निवृत्तीपर्यंतचे महिने त्याला खुर्चीवर ठेवलं, पण ओव्हनमध्ये ठेवलेली आणि काढलेली प्रत्येक जाळी दुसऱ्या माणसाने मोजून सही करायची, या अटीवर. एकतीस वर्षांच्या माणसाला ते लागायचं तेवढं लागलं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी सुटल्यावर त्याने पहिल्यांदा पातं उजेडात धरलं आणि त्या दोन खोचा पाहिल्या. एवढ्या मोठ्या होत्या त्या. त्याची त्यालाच लाज वाटली. पातं सहाणेवर घेऊन त्याने दोन दिवस घासलं.

नव्या उंदरांचे तुकडे आले तेव्हा मायक्रॉनचे बावीस दिवस उरले होते. जाळ्या ठेवल्या चोवीस तुकड्यांच्या, काढल्या चोवीसांच्या. पोरीने मोजल्या, शिपायाने मोजल्या, मायक्रॉनने बोट लावून लावून मोजल्या. ब्लॉक झाले. चोवीसही अगदी मऊ.

काल सकाळी पोरगी हातात छापलेला कागद घेऊन खाली आली.

"मासिकवाल्यांचं पत्र आलंय. त्या दुसऱ्या रिव्ह्यूअरने आपल्याला चार ओळी लिहिल्यात. नाव नाहीच."

"वाच."

"लेख स्वतःहून मागे घेतला याची नोंद घेतली, असं म्हणतोय. नव्या प्रयोगाचा लेख तयार झाला तर मी तपासायला तयार आहे." ती थांबली.

"आणि उरलेल्या ओळी?"

"'तेविसाव्या प्रश्नाबद्दल सांगायचं तर, रेघा पात्याच्या खोचेमुळे असाव्यात असा माझा अंदाज होता. तसं उत्तर आलं असतं तर मी ते मान्य केलं असतं.'"

मायक्रॉनने पाण्यात बुडवलेला ब्रश तसाच धरून ठेवला.

"म्हणजे आपण सुटलो असतो?"

"सुटलो असतो."

"आयला!" तो म्हणाला, आणि हसायलाच लागला. पोरगी आधी त्याच्याकडे बघत राहिली. तिला हसू येईना. मग आलं ते थोडं, अर्धं रडल्यासारखं.

"चार पानं लिहितो आणि चुणी दिसत नाही," मायक्रॉन डोळे पुसत म्हणाला. "त्याचाही डोळा दाखवायला पाहिजे कुणाला तरी."

"काका, या वेळी निम्म्यांनाच गुण आला तर?"

"तर निम्म्यांना आला."

"आणि एकालाही नाही आला तर?"

"तर तेही लिही. मी काप देणार, त्यात काय निघेल ते मी घालत नाही." त्याने घड्याळाकडे पाहिलं. "चल, बडबड पुरे. बर्फ वितळतोय. एक नंबरचा दे."

तिने ब्लॉक दिला. त्याने तो यंत्राला लावला, पेच आवळला, वाकून पात्याशी अंतर पाहिलं. तिला हाताने इशारा केला, श्वास रोख. आणि चाकावर हात टाकला.